कीबोर्डच्या मागे बसलेल्या मुलीला

आदरणीय बाई,

सलाम. मी २४ वर्षांची आहे, नगरच्या एका मंडळीत वर्शिप टीममध्ये कीबोर्ड वाजवते. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे गर्भातल्या जिवांसाठी खास उपासना झाली. बाहेरून वक्ते आले होते. पडद्यावर गर्भपाताचा व्हिडिओ दाखवला. मला आधीच सांगून ठेवलं होतं की व्हिडिओ सुरू झाला की खाली हळू सूर धरून ठेवायचा आणि ‘आता पुढे या’ म्हटलं की आवाज वाढवायचा. मी तसंच केलं. लोक ढसाढसा रडले. चाळीसेक जण पुढे आले, गुडघे टेकले, प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मी पडद्याकडे पाहतच नव्हते. पाहुण्यांच्या हाताकडे पाहत होते, खूण कधी करतात म्हणून.

माझी वहिनी तिसऱ्या बाकावर होती. मागच्या वर्षी तिच्या १९व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत कळलं की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, ते जगणार नाही. दादा-वहिनीने खाली करून घेतलं. आम्ही घरचे सोडून कोणाला माहीत नाही. मंडळीत ‘बाळ गेलं’ एवढंच सांगितलं. वहिनी वसईची, कॅथलिक घरातली. व्हिडिओ चालू असताना ती उठून गेली. तेव्हापासून चर्चला येत नाही आणि एका घरात राहून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आता तीन मंडळ्या मिळून पुन्हा असाच कार्यक्रम आहे, नंतर मोर्चा. मी वाजवायचं आणि प्रतिज्ञाही मीच वाचायची. गर्भातला जीव देवाचा आहे असं मी मानते. पण या वेळी माझं मन घेत नाही. पाळकसाहेब म्हणाले, तुझं अंतःकरण कठीण झालंय, प्रार्थना कर. खरंच झालंय का? उपासनेतलं रडणं खोटं असतं का? आणि वहिनीला मी काय सांगू?

तुमची,
कीबोर्डवाली

---

सलाम, पोरी.

अंतःकरण कठीण झालेल्या माणसाला वहिनी कितव्या बाकावर बसली होती ते आठवत नाही. तेव्हा ती काळजी सोड. तू रडली नाहीस कारण तू कामात होतीस. लग्नघरात आचाऱ्याला भूक लागत नाही, तशातली गोष्ट. पण ज्याने स्वयंपाक केला त्याला पदार्थात काय पडलं ते माहीत असतं, आणि तुला टोचतंय ते तेच.

रडण्याबद्दल आधी बोलू, कारण तुझ्या पत्रात एक धोका मला दिसतो. एका रविवारचं रडणं घडवून आणलेलं निघालं म्हणून तू सगळ्याच रडण्यावर काट मारायला निघाली आहेस. तसं करू नकोस. आपली उपासना कधीच कोरडी नव्हती. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तुझ्याच नगर-राहुरीकडे राहिले, आणि त्यांनी मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिलं. त्याआधी बरीचशी गीतं इंग्रजीवरून आणलेली, चालीही तिकडच्याच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं टिळक म्हणत. ज्या भाषेत माणूस देवाशी भांडतो, रुसतो, त्याच्या गळ्यात पडतो, ती भाषा त्यांनी चर्चमध्ये आणून बसवली. माझ्या लहानपणी पेटी-तबल्यावर ते अभंग सुरू झाले की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायच्या. त्यांना कोणी खूण केलेली नसायची.

आणि केडगाव. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जी धार्मिक जागृती झाली तिच्या हकिकती ऐकशील तर तुमचा ऑगस्टचा रविवार अगदीच शांत वाटेल. मुली रात्रंदिवस रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, अंगाची आग होतेय म्हणत होत्या. एका रात्री शेजारच्या खाटेवरच्या मुलीला वाटलं, ही खरोखरच पेटली आहे, आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. बाहेर टीका झाली, हे वेड आहे, अडाणी बायकांचा गलका आहे. पंडिता रमाबाई काही अडाणी नव्हत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या बाईला ‘सरस्वती’ म्हटलं तिला गलका आणि प्रार्थना यांतला फरक कळत होता. तरी त्यांनी त्या मुलींची बाजू घेतली. हिंदुस्थानी माणसाला देव त्याच्या स्वभावाप्रमाणे भेटू दे, हा त्यांच्या उत्तराचा सूर होता.

मला केडगावची गोष्ट आवडते ती त्या आगीसाठी नाही. तिथे रडणाऱ्या मुलींना दुसऱ्या दिवशी जेवण होतं, शाळा होती, छापखाना होता, विणकाम होतं. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या त्या. आणि त्याच आवारात कृपासदन होतं, ज्या बाईला गावाने ‘वाईट चालीची’ म्हणून हाकललं तिच्यासाठी. अश्रू आणि अंथरूण एकाच कंपाउंडात. तुमच्या मंडळीत सह्या केलेल्या चाळीस जणांपैकी कितींनी नंतर कोणा गरोदर, एकट्या पडलेल्या पोरीचं दार वाजवलं, हे मला माहीत नाही. तू विचारू शकतेस. रागाने नाही, सहज.

अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स नावाचा पाळक होता. १७३०-४०च्या दशकांत त्याच्या नॉर्थॅम्प्टन गावात अशाच सभा झाल्या, लोक किंचाळत, कोसळत. निम्मे पाळक म्हणत, हा पवित्र आत्मा, निम्मे म्हणत, हा उन्माद. एडवर्ड्सने १७४६ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातलं मला पटलेलं एवढंच: भावना तीव्र आहे यावरून ती देवाकडून आली असं सिद्ध होत नाही, आणि देवाकडून आली नाही असंही सिद्ध होत नाही. शरीर थरथरलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तेच. पुढे माणूस जगतो कसा, तिथे कळतं. (आणि हे इतकं नेमकं लिहिणाऱ्या माणसाच्या घरात विकत घेतलेले गुलाम होते. आपल्याला कशाचं रडू येतं आणि कशाचं येत नाही, यावर त्याने अजून एक ग्रंथ लिहायला हवा होता.)

मी स्वतः सोळाव्या वर्षी एका संजीवन सभेत हमसून रडले आणि ‘मी मिशनरी होऊन जाईन’ म्हणून उभी राहिले. शेवटचं गीत सहा वेळा म्हणवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खाल्ले आणि भूमितीच्या पेपराची काळजी करत बसले. ते रडणं खोटं होतं का? नव्हतं. वचन मात्र माझं नव्हतं. ते सहाव्यांदा म्हटलेल्या गीताने माझ्याकडून काढून घेतलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. देवापुढे मन सैल व्हावं म्हणून संगीत आहे. सैल झालेल्या मनाकडून कोणी त्याच मिनिटाला सही घेत असेल तर ते उपासनेचं काम राहत नाही, मग कारण कितीही चांगलं असो. उद्या त्याच सुरावर कोणी बिल्डिंग फंडाची वर्गणी गोळा करेल, परवा मतं. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढ. लोक नियमशास्त्र ऐकून रडायला लागतात. लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, काय करतात? आधी अर्थ समजावून सांगतात, आणि मग म्हणतात, रडू नका, घरी जा, गोडधोड खा, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला वाढून पाठवा. आलेलं रडू त्यांनी वापरून घेतलं नाही.

आता गर्भपात. तू पत्रात लिहिलंस की गर्भातला जीव देवाचा आहे असं तू मानतेस. मीही मानते. स्तोत्र १३९ मी पाठ केलं तेव्हा मला बाळ कसं होतं हेही माहीत नव्हतं, पण आईच्या उदरात देव बसून विणतोय हे चित्र डोक्यातून कधी गेलं नाही. आणि हे आजचं नाही. ‘दिदाखे’ म्हणून मंडळीची फार जुनी शिकवण आहे, तिच्यातही गर्भ पाडू नका असं स्पष्ट आहे. पण ‘ख्रिस्ती माणसाची भूमिका’ म्हणून पडद्यावर जी एकच ओळ आली असेल, तितकी सरळ गोष्ट कधीच नव्हती. निर्गम २१मध्ये भांडणात गरोदर बाईला धक्का लागतो, त्या ओळीत गर्भ पडला की बाळ वेळेआधी जन्मलं, यावर भाषांतरकार अजून भांडतात. घडलेला गर्भ आणि न घडलेला गर्भ यांत जुन्या काळचे मोठे धर्मपंडित संत ऑगस्टिन यांनी फरक केला, तरी पाडणं योग्य म्हटलं नाही. कॅथलिक शिकवण आज सगळ्यांत ठाम आहे: जाणूनबुजून केलेला गर्भपात कुठल्याच कारणाने नाही, तुझ्या वहिनीच्या कारणानेही नाही. प्रोटेस्टंटांत मात्र फाटे आहेत. सदर्न बाप्टिस्ट म्हणजे अमेरिकेतल्या गर्भपातविरोधाचा कणा असं आज आपण समजतो. त्यांनीच १९७१ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका, अशा वेळी कायद्याने परवानगी असावी. २००३ साली त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. आणि १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड मूडी नावाच्या बाप्टिस्ट पाळकाने वीस-एक पाळक आणि यहुदी रब्बी जमवून, कायद्याने बंदी असताना, बायकांना सुरक्षित डॉक्टरपर्यंत पोचवण्याची सोय काढली. चोरून, भोंदूंच्या हातून मरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचं सगळं मला पटत नाही. पण ती माणसं प्रार्थना करून फोन उचलत होती, हे विसरून मला त्यांच्याबद्दल बोलता येत नाही.

तुम्ही दाखवलेला व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण पैज लावते की तो परदेशी होता आणि वर मराठी आवाज चिकटवला होता. तिकडचं भांडण तिकडच्या कोर्टांचं आहे. आपल्याकडे १० ऑगस्ट १९७१ला कायदा झाला तो मोर्च्यांतून नाही, सरकारने नेमलेल्या शांतिलाल शाह समितीच्या अहवालातून, आणि कारण होतं दायांच्या आणि वैदूंच्या हाती मरणाऱ्या बायका. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक बायकांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४पर्यंत, आणि त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. तुझ्या वहिनीने कायदा मोडलेला नाही, हे तुलाही पक्कं माहीत असू दे. आणि आपल्याकडचं खरं पाप कुठे आहे ते विचारायचं तर नगरहून बीडला जाणारी एसटी पकड. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. न जन्मलेल्या त्या मुलींसाठी किती उपासना झाल्या? सुनेला सोनोग्राफीला कोणी नेलं, पैसे कोणी मोजले, त्या सासरे-सासवांना कोणी पुढे बोलावून गुडघे टेकायला लावले? आपल्या मंडळ्यांतही ‘या वेळी मुलगा होऊ दे’ अशा प्रार्थना माईकवर झालेल्या मी ऐकल्या आहेत, आणि आमेन म्हटलेलंही.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. फुले ख्रिस्ती नव्हते, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते एवढंच. पण गर्भातल्या जिवाच्या बाजूने मराठी मुलखात जे काही केलं गेलं त्यात मला त्या दारापुढे दुसरं काही दिसत नाही. तिथे आलेल्या एका विधवेचं मूल त्यांनी स्वतःचं मानून वाढवलं, यशवंत. मदर तेरेसा गर्भपाताच्या किती कडक विरोधात होत्या ते जगाला माहीत आहे. त्यांनीही ओस्लोला नोबेल घेताना सांगितलं की आम्ही याच्याशी दत्तक देऊन लढतो. मोर्च्यातल्या लोकांना मी ढोंगी म्हणत नाही. त्यांतले काही खरोखर घरं चालवतात, रात्री-अपरात्री पोरी उतरवून घेतात. तुझ्या तीन मंडळ्यांना तसं काही काढायचं असेल तर माझी या महिन्याची पेन्शन आधी लिहून घ्या.

पाळकसाहेबांशी बोलायचंच. पत्राने नको, मेसेजने तर अजिबात नको, आणि टीमच्या समोरही नको. एकटी जा. वहिनीचं नाव, तिची गोष्ट काढू नकोस. ती गोष्ट तुझी नाही. कायदासुद्धा डॉक्टरला तिचं नाव बाहेर सांगू देत नाही, मग नणंदेने तर नाहीच नाही. एवढंच म्हण: ‘पाळकसाहेब, गीतांना मी वाजवीन. व्हिडिओखाली आणि आवाहनाखाली वाजवणार नाही, आणि प्रतिज्ञा वाचणार नाही. बोलणं खरं असेल तर ते सुरांशिवाय उभं राहील.’ आणि दोन गोष्टी माग. व्हिडिओच्या आधी सांगा की ज्याला बाहेर जायचंय त्याने जावं, कोणी वळून पाहणार नाही. आणि ज्यांचं बाळ गेलंय, कसंही गेलं असेल, त्यांच्यासाठी एक प्रार्थना ठेवा, नावं न घेता, पुढे न बोलावता. दोन्हींना ‘नाही’ म्हणाले तर तुला कळेल की ती सभा कोणासाठी आहे. तुला टीममधून काढतील का? कदाचित. आमच्या वेळी तर अशा कारणाने पेटी काढून कुलूपबंद केलेली मी पाहिली आहे. दोन वर्षांनी तीच पेटी, तोच वाजवणारा.

आता वहिनी.

पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय तुला पाठ असेल, पण पुन्हा वाच, या वेळी हन्नाच्या जागी बसून. कूस रिकामी, मन फाटलेलं, मंदिरात येते, रडते, ओठ हलतात आणि आवाज नाही. आणि एली, याजक, आयुष्य उपासनेत काढलेला माणूस, लांबून पाहून म्हणतो, बाई प्यायलेली आहे. उपासनेतली सगळ्यांत खरी भावना त्या दिवशी एका बाईच्या न फुटलेल्या आवाजात होती, आणि तिथल्या तज्ज्ञाला ती ओळखता आली नाही. तुमच्याकडेही त्या रविवारी सगळ्यांत मोठी प्रार्थना बहुतेक तिसऱ्या बाकावरून उठून दाराबाहेर गेली. एलीचं एक मात्र मानते मी: चूक कळल्यावर त्याने ‘शांतीने जा’ म्हटलं.

तेव्हा वहिनीला आधी माफी माग. तुझ्या हातांनी सूर धरला होता, हे तिने पाहिलंय. ‘मला माहीत होतं तू बसलीयेस, तरी मी वाजवलं. चुकलं माझं.’ एवढंच. ‘पण मला सांगितलं होतं’ हे जोडू नकोस. ती रडली तर रडू दे, नाही रडली तर तेही राहू दे. ‘देवाची इच्छा होती’ म्हणू नकोस. मी महिला मंडळाची अध्यक्ष असताना हे वाक्य एका बाईला म्हटलंय. ती ‘हो बाई’ म्हणाली आणि त्यानंतर माझ्याशी कधी काही बोलली नाही. ‘तू बरोबर केलंस’ हेही आपणहून म्हणू नकोस. ते तिला आणि दादाला एका आठवड्यात ठरवावं लागलं, तुला-मला बाहेरून निकाल द्यायचा नाही.

ती स्वतः म्हणाली की हे माझ्या कुठल्या पापाचं फळ, तर योहान ९ वाच. आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही. आणि पुढे पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर त्याच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन फोलिक अॅसिडच्या वाढीव डोसबद्दल विचारायला सांग. अशा केसमध्ये तो देतात.

आणखी एक, ती वसईची आहे म्हणून. आपल्याला माहेरी चर्चने बहिष्कृत केलंय, आता मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेलाही, बसता येणार नाही, असं तिच्या मनात असू शकतं. त्या घरांत हे लहानपणीच ऐकलेलं असतं. तिने विषय काढला तरच सांग. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातच, कॅनन कायद्यात, लिहिलंय की अशा शिक्षेची माहिती नसलेल्या किंवा मोठ्या भीतीखाली वागलेल्या माणसाला ती आपोआप लागत नाही. आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुठल्याही फादरांना कन्फेशनमध्ये याची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिला, बिशपपर्यंत जावं लागत नाही. त्याआधी १९९५ साली जॉन पॉल दुसरे यांनी गर्भपाताविरुद्ध कडक पत्र लिहिलं, त्यातही शेवटाकडे अशा बायकांशी थेट बोलले आहेत: जखम अजून भरली नसेल, पण आशा सोडू नका. जावंसं वाटलं तर माहेरच्या ओळखीच्या फादरांकडे जाईल. तू ढकलू नकोस. आणि झोप, जेवण सुटलं असेल, बोलणं बंद होत चाललं असेल, तर दादाला सांगून समुपदेशकाकडे न्या, पाळकांच्या आधी.

ती चर्चला कधी येणार, हे विचारू नकोस. स्तोत्र ५६मध्ये लिहिलंय की देव आपली आसवं बुधलीत भरून ठेवतो, वहीत मांडून ठेवतो. त्यासाठी तिला तिसऱ्या बाकावर बसावं लागत नाही.

त्या कार्यक्रमाच्या रविवारी तू मोकळी असशील, तर दादाला कुठेतरी पाठव आणि दोघी घरीच राहा. एकत्र स्वयंपाक करा. भाज्या चिरताना बोलणं सोपं जातं, एकमेकींकडे पाहावं लागत नाही. मग कधीतरी विचार, वहिनी, बाळाचं नाव ठरवलं होतं का. नाव सांगितलं तर एकदा मोठ्याने घे. मला कळवू नकोस, ते तुमच्या घरातच असू दे.

प्रभूमध्ये तुझी,
बाई